तिवर आणि मारांडी: दोन ठशांच्या नोंदी

५ जानेवारी, कोपरी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. ठाण्याच्या खाडीतल्या दोन वनस्पती, तिवर आणि मारांडी. प्रत्येकीचं एक चित्र, जुन्या पद्धतीनं हातानं कोरायचं आणि हातानंच छापायचं. प्रत्येकी बारा प्रती. काही माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जातील, काही चेंदणी कोळीवाड्यात.

मी एकोणतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर जास्वंद, मोहरी आणि वाटाण्याचे तक्ते होते. खाडी तिथून चालत पंधरा मिनिटांवर, पण तिवराचा तक्ता कधीच नव्हता. श्वसनमुळांवर प्रश्न आला की मुलं बरोबर उत्तर लिहायची. त्यातलीच कितीतरी मुलं रोज ट्रान्स हार्बरच्या गाडीतून त्या मुळांशेजारून जायची आणि ती हीच, हे त्यांना ठाऊक नसायचं. शिकवणारी मी होते, त्यामुळे ही उणीव माझीच. ती आता भरून काढायची आहे.

वागळे इस्टेटमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा गाळा आहे. त्यानं मुद्राचित्रणाचं शिक्षण घेतलंय आणि त्याच्याकडे हातानं फिरवायचा एचिंग प्रेस आहे, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापायचं यंत्र. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, रविवारी या. पण चित्र पक्कं करून आणा, मग पत्र्याला हात लावू."

१२ जानेवारी

चित्र पक्कं करणं म्हणजे काय, यावरच आठवडा गेला.

जर्नलमधल्या आकृतीचे नियम मी हजारो मुलांना सांगितले असतील. पेन्सिल टोकदार हवी, रेघ एकसंध हवी, नावं उजवीकडे, आणि शेडिंग अजिबात नाही. हे नियम कुठून आले याचा मी कधी विचार केला नव्हता. या आठवड्यात लिओनहार्ट फुक्स वाचला. जर्मन वैद्य. त्याचा लॅटिन वनस्पतिग्रंथ १५४२ मध्ये बाझेलला छापला गेला, त्यात पाचशेच्या वर पानभर लाकूडठसे आहेत. प्रस्तावनेत तो सांगतो की चित्रकारांना छायाप्रकाशाची हौस मुद्दाम करू दिली नाही, कारण तिच्यात झाडाचं खरं रूप हरवतं. माझ्या जर्नलच्या नियमाला पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा आधार निघाला.

अर्थात त्याला दुसरंही कारण होतं. लाकूडठशात बारीक छटा काढणं महाकठीण, आणि रिकामी जागा सोडली की नंतर हातानं रंग भरता येतो. नियम किती विचारानं ठरला आणि किती लाकडानं ठरवला, हे वेगळं काढता येत नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. हत्यारानं शिकवलेली शिस्तही शिस्तच.

फुक्सच्या ग्रंथातली आणखी एक गोष्ट मनात राहिली. ग्रंथाच्या शेवटी तीन कारागिरांची चित्रं आहेत, नावांसकट. आल्ब्रेख्ट मेयर रोपावरून चित्र काढतोय, हाइन्रिख फ्युलमाउरर ते लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवतोय आणि फाइट रुडोल्फ श्पेकले हा कोरणारा आहे. एका चित्रामागे तीन माणसं, हे त्या काळी छापून सांगणारा माणूस मला आवडला.

त्याच्या बारा वर्षं आधी, १५३० मध्ये, स्ट्रासबुर्गला ओटो ब्रुनफेल्सचा ग्रंथ निघाला होता. त्यातली चित्रं हान्स वायडिट्झची. वायडिट्झ समोरचं रोप जसंच्या तसं काढायचा. पान मलूल झालं असेल तर मलूल, किड्यानं खाल्लं असेल तर भोकासकट. फुक्सचं उलट. त्याच्याकडे एकाच फांदीवर फूलही असतं आणि फळही, म्हणजे हे रोप त्या जातीतलं सगळं काही दाखवणारं, पण असं एखादं रोप प्रत्यक्षात कुणाला सापडणार नाही.

माझं तिवर कुणाचं? अजून ठरलं नाही.

१९ जानेवारी, खाडीवर

ओहोटी सकाळीच होती. कोळीवाड्यातल्या मावशींबरोबर बंदरापासून पुढे गेले. फांदी तोडायची नाही हे आधीच ठरवलं होतं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि नसतं तरी चित्रासाठी झाड ओरबाडायचं कारण नाही. बसून काढायचं आणि गळलेली पानं उचलायची.

तिवराचं पान वरून हिरवं, तुकतुकीत. उलटलं की राखाडी-पांढरं, कापडासारखं. तो पांढरेपणा म्हणजे अतिशय बारीक लव. हिवाळ्यात पाऊस नसल्यामुळे पानावर मिठाचे कण स्पष्ट दिसत होते. झाड खारं पाणी घेतं आणि जास्तीचं मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. मावशींनी एक पान चाटून दाखवलं. मीही चाटलं. हे मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल, पण चव आज घेतली.

श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. वाऱ्यानं कागद फडफडत होता. चार तासांत एक फांदी, सहा पानं, नऊ मुळं.

किड्यानं खाल्लेलं पान काढलं, भोकासकट. ठरलं. तिवर वायडिट्झचं.

२ फेब्रुवारी, वागळे इस्टेट

पहिला प्रयत्न लिनोवर, म्हणजे कोरायला मऊ अशा लिनोलियमच्या तुकड्यावर केला आणि तो फसला.

लिनोचा हिशेब लाकूडठशाचाच. जे छापायचं ते वर ठेवायचं, बाकी सगळं खणून काढायचं. शाळेत भेंडी कापून ठसे उठवायचो तेच तत्त्व. पानाची कड सुरेख आली, मुळंही ठसठशीत आली. पण पानाची पाठ? लव दाखवायला बारीक टिंबं ठेवली, तर छापल्यावर ती पुरळ उठल्यासारखी दिसली. कोरीच सोडली तर पान नुसतं पांढरं, म्हणजे एखादं वेगळंच झाड. दोन रविवार गेले.

माझ्या विद्यार्थ्यानं ठसा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, कोरण्यात चूक नाही. माध्यम चुकलंय."

मग त्यानं मला टेबलावर तिन्ही पद्धती दाखवल्या. त्या माझ्यासाठीच लिहिते. ठशात शाई उंचवट्यावर बसते. धातूच्या पत्र्यावर उलटं होतं. रेघ खोल असते, शाई त्या खाचेत भरतात, पृष्ठभाग जाळीच्या कापडानं पुसून घेतात आणि ओला कागद प्रेसखाली इतक्या जोरानं दाबतात की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो. तिसरी शिळाछाप. तिच्यात उंच-खोल काही नाही, दगड सपाटच. तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा. पाणी तेलकट जागी थांबत नाही, शाई ओल्या जागी थांबत नाही, एवढ्या साध्या वैरावर सगळी छपाई उभी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरनं ती शोधली. मराठी माणसाच्या घरात शिळाछाप आली ती पंचांगातून. गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं होतं.

तिवर तांब्यावर करायचं. ड्रायपॉइंट.

९ फेब्रुवारी

आज गाळा बंद होता. घरी बसून 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथाचे स्कॅन पाहिले. सकाळी नऊला बसले ते दिवे लागेपर्यंत.

बारा खंड, अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. करवून घेणारा हेंड्रिक व्हान ऱ्हेडे, डच कंपनीचा मलबारमधला गव्हर्नर. सातशेहून जास्त वनस्पती, आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली मोठमोठी चित्रं. झाडांची माहिती सांगणारे इथलेच. इट्टी अच्युदन हे मलबारी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण. या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात कोकणीत, नागरी अक्षरांत छापलेलं आहे. नागरीच्या छपाईच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

ते पान मी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. अक्षरं थोडी वाकडी, पण वाचता येतात. खिळ्यांचे टाइप नव्हतेच, चित्रासारखं पानच कोरलेलं. म्हणजे हॉलंडमधल्या कुणा कोरणाऱ्यानं, ज्याला नागरीचं एक अक्षर येत नव्हतं, हे सगळं उलटं कोरलं. वेलांटी कुठे वळते, काना कुठे उतरतो, हे त्याच्यासाठी नुसते आकार असणार. पानाच्या शिरा कोरताना जेवढं लक्ष दिलं तेवढंच त्यानं 'भ'च्या गाठीला दिलं, म्हणून आज मी ते वाचू शकते. मला भरून आलं.

मग आपली झाडं शोधली. दुसऱ्या खंडात 'पैना-शुल्ली' म्हणून आहे ती आपली मारांडी. चौथ्या खंडातलं 'ओएपाता' म्हणजे आपल्या तिवराचंच भावंड. त्यांची मलबारी नावं लॅटिन ग्रंथात जशीच्या तशी ठेवली आहेत. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये शास्त्रीय नावं दिली तेव्हा हेच ग्रंथ त्याच्या टेबलावर होते. ऱ्हेडेनं वाळवलेले नमुने मागे ठेवले नाहीत, त्यामुळे कितीतरी जातींच्या शास्त्रीय नावाचा आधार आजही ती छापील चित्रंच आहेत. नावाबद्दल वाद झाला तर उघडायचं ते हेच पान.

तक्ता म्हणजे भिंतीची शोभा, असं मी नकळत मानत आले होते. आज ते पुसलं गेलं.

१६ फेब्रुवारी, वागळे इस्टेट

ड्रायपॉइंटमध्ये आम्ल वगैरे काही नाही. टोकदार सुईनं सरळ तांब्यावर ओरखडायचं. सुई जाताना रेघेच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. शाई पुसताना थोडी त्या कंगोऱ्याला धरून राहते, आणि छापल्यावर रेघ मखमलीसारखी मऊ उमटते. तिवराच्या पानाची पाठ! दोन आठवडे लिनोवर जे साधलं नाही ते सुईच्या हलक्या चाळीस-पन्नास ओरखड्यांत आलं. लव काढावी लागली नाही, कंगोऱ्यानं ती दिली.

हा कंगोरा नाजूक असतो, प्रेसच्या दाबाखाली लवकर दबून जातो. जुन्या ग्रंथांना शेकडो प्रती लागत, म्हणून तिथे ब्यूरिन नावाच्या कोरणीनं स्वच्छ खोल रेघ कोरत आणि कंगोरा खरवडून टाकत. आम्हाला बाराच हव्यात. जमेल.

पहिलं प्रूफ निघालं. कागद उचलला, पान अप्रतिम आलं होतं, आणि खाली नाव आरशातलं. 'तिवर' मी सरळच कोरलं होतं. गेल्या रविवारी त्या डच कोरणाऱ्यावर एवढं लिहिलं, आणि सुई हातात आल्यावर विसरले.

माझा विद्यार्थी म्हणाला, "रेम्ब्राँचंही झालंय, मॅडम." डच चित्रकार रेम्ब्राँनं १६५० मध्ये एका शंखाचं एचिंग केलं, म्हणजे पत्र्यावर आम्लानं रेघा खोल करून छापलेलं चित्र. सही आठवणीनं उलटी कोरली, म्हणून छापात ती सुलटी आली. शंख मात्र दिसला तसाच कोरला, आणि छापात त्याचा पीळ उलटा झाला. तिवराची पानं समोरासमोर जोडीनं येतात, त्यामुळे उजवं-डावं झाल्यानं काही बिघडत नाही. एखादा वेल असता तर तो भलत्याच दिशेनं चढला असता. पुढे गोकर्णी वगैरे करायची ठरली तर आधी चित्र उलटवून घ्यायचं, हे इथे ठळक लिहून ठेवते.

तांब्यावरची चूक सुधारता येते. खरवडायचं, ओपणीनं घासून गुळगुळीत करायचं. तीन अक्षरांना दीड तास लागला.

२३ फेब्रुवारी

नाव उलटं कोरलं, सुलटं छापलं. तिवराचा पत्रा तयार.

९ मार्च, कोळीवाडा

मारांडी फुलली आहे. निळसर जांभळं फूल, वरचा ओठ नाहीच, खालचीच एक रुंद पाकळी पुढे पसरलेली. पान जाड, चकचकीत, कडेनं काटे. हे झाड जणू लाकूडठशासाठीच जन्माला आलंय. सगळं बाह्यरेषेत आहे, लव नाही, छटा नाही. म्हणून ते लिनोवर केलं. इथे फुक्सच्या वाटेनं गेले. एका फांदीवर कळी, फूल आणि बोंड, तिन्ही. मुलांना एका पानावर सगळं कळलं पाहिजे.

प्रूफ घेऊन मावशींकडे गेले. त्या मासळी साफ करत होत्या. हात धुतले, पुसले, कागद दोन्ही हातांत धरला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, फूल बरोबर आहे. पानं बरोबर आहेत. पण सांध्याचे काटे कुठं गेले? पाय ठेवला की तेच घुसतात."

मी पाहत राहिले. मारांडीच्या खोडावर, जिथून पानांची जोडी निघते तिथे, काट्यांचीही जोडी असते. पुस्तकात आहे, मी वाचलेलंही आहे. पण मी ज्या झाडासमोर बसले ते पुलाच्या सावलीत होतं, आणि सावलीतल्या मारांडीला हे काटे कधी कधी नसतात. मी जे दिसलं ते प्रामाणिकपणे काढलं. फुक्सच्या रीतीचं चित्र करायचं म्हटल्यावर एका झाडावर विसंबून चालत नाही, दहा पाहावी लागतात. आणि मावशींनी चाळीस वर्षं चिंबोऱ्या धरताना ती हजारांनी पाहिली आहेत, तळपायानं.

त्याच दुपारी उन्हातली झाडं पाहून आले. प्रत्येकाला काटे होते.

१६ मार्च, वागळे इस्टेट

लिनोवर घालवलेलं परत येत नाही. काटे जिथे हवेत तिथलं लिनो मी आधीच खणून टाकलंय. जुने लाकूडठसेवाले अशा जागी भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकत आणि तिच्यावर नव्यानं कोरत. लिनोत ते टिकणार नाही असं तो म्हणाला. म्हणजे पूर्ण नवा तुकडा, पहिल्यापासून. सुरुवात केली.

कोरता कोरता बोलणं निघालं ते नावांचं. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा ग्रंथ १७९५ पासून लंडनमध्ये निघाला. तीन खंड, तीनशे चित्रं. मूळ चित्रं इथल्या चित्रकारांनी काढलेली, आणि छापील पानावर त्यांचं नाव नाही. नंतर मद्रासमध्ये रॉबर्ट वाइट नावाचा स्कॉटिश वैद्य आला. त्यानं स्वतः शिळाछाप शिकून घेतली आणि १८३८ ते १८५३ या काळात दोन हजारांवर चित्रं मद्रासलाच छापली. त्याच्यासाठी आधी रंगय्या आणि नंतर गोविंदू यांनी चित्रं काढली, आणि वाइटच्या शिळाछापांवर त्यांची नावं आहेत. नावापुढे लॅटिन संक्षेप 'डेल.', म्हणजे 'रेखाटलं'. गोविंदूच्या नावानं तर वाइटनं ऑर्किडच्या एका प्रजातीचं 'गोविंदूइया' असं नामकरण केलं. पुढे ती दुसऱ्या प्रजातीत मिसळली आणि ते नाव वापरातून गेलं. चित्राखालचं छोटं 'गोविंदू' मात्र जागच्या जागी आहे.

तो प्रेसचं चाक पुसत ऐकत होता. म्हणाला, "मग आपल्या पत्र्यावर कुणाकुणाची नावं?"

३० मार्च, वागळे इस्टेट

छपाईचा दिवस. कागद रात्रीच भिजवून ओल्या फडक्यात ठेवले होते.

तिवराच्या बारा आणि दोन जास्तीच्या, अशा चौदा काढल्या. नवव्या प्रतीपासून पानाच्या पाठीची मखमल थोडी विरळ झाली. पहिल्या आणि बाराव्या प्रतीत फरक दिसतो. क्रमांक घातलेत, लपवलेलं नाही. प्रयोगशाळेला पहिली द्यायची आणि माझ्याकडे बारावी ठेवायची.

मारांडी लिनोवर, त्यामुळे पहिली आणि बारावी सारखीच. काळा ठसा वाळल्यावर फुलाला हातानं रंग देणार आहे, फुक्सच्या काळात देत तसा. आज फक्त एका प्रतीला दिला. जांभळा जरा जास्त झाला, निळा वाढवायला हवा.

नावांचं असं ठरलं. खाली डावीकडे 'रेखाटन आणि कोरणी' पुढे माझं, उजवीकडे 'छपाई' पुढे त्याचं. मधे झाडाचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्याखाली 'नाव आणि ओळख सांगितली' असं लिहून मावशींचं पूर्ण नाव. विचारायला गेले तेव्हा त्या आधी नको म्हणाल्या. "मी काय केलं?" मी त्यांना नव्या ठशातले काटे दाखवले. त्यांनी प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून मोजले. सहा जोड्या. मग आतून आधार कार्ड आणलं, नाव चुकू नये म्हणून.

ती ओळ दोन्ही चित्रांखाली पेन्सिलीनं, प्रत्येक प्रतीवर वेगळी लिहिली. सुलटी.

६ एप्रिल

प्रती पोचल्या. प्रयोगशाळेत वाटाण्याचा तक्ता थोडा सरकवून जागा केली, खिळा मीच ठोकला.

पुढचं झाड पांढरी चिप्पी, २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष. तिचं फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत त्याचे पुंकेसर गळायला लागतात, म्हणजे रात्रीच काढावं लागणार. फुलाचा शेकडो तंतूंचा झुबका पाहता लिनो नाही, पुन्हा तांबंच. मावशी म्हणाल्या, त्यांच्या मुलाची होडी आहे, भरतीच्या पाण्यात झाडाच्या अगदी जवळ जाता येईल. टॉर्च दोन न्यायच्या, एक फुलावर आणि एक कागदावर.